लोडर सकाळी उचलतो, दुपारी मान टाकतो: पंप उतरवण्याआधी एवढं बघा

दारव्ह्याकडच्या एका कास्तकार भावानं विचारलंय. त्यांचा ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे, त्याला इकडच्याच वर्कशॉपात बनवलेला फ्रंट लोडर आहे आणि तो दोन सीझन चालला आहे. सकाळी बकेट भरून शेणखत झकास उचलतो. दीड-दोन तास काम झालं, ऊन तापलं, की भरलेली बकेट अर्ध्यावर जाऊन थांबते. रेस वाढवली तर थोडी वर सरकते. आणि बकेट वर नेऊन इंजीन बंद केलं तर पंधरा मिनिटांत ती आपोआप जमिनीला टेकते. एक मिस्त्री म्हणतो, पंप गेला, नवा टाका. दुसरा म्हणतो, रिलीफ (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह) दोन आटे कसा, काम होईल. भावाचा प्रश्न एवढाच, की कोणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही ऐकू नका.

मी कारंजा-मूर्तिजापूर पट्ट्यात बरीच वर्षं ट्रॅक्टरची हायड्रोलिकची कामं करतो. अखाजीपासून मृगापर्यंत माझ्याकडे येणाऱ्या लोडरच्या तक्रारी बहुतेक अशाच असतात, कारण खत वावरात टाकायचे आणि तलावातला गाळ भरायचे दिवस तेच, आणि पारा ४५ च्या घरात असतो तेही तेव्हाच. त्यामुळे तुमचं वर्णन ओळखीचं वाटतं. पण ट्रॅक्टर समोर नाही. तुमचा पंप गिअरबॉक्सच्या आत पीटीओच्या शाफ्टवर आहे की इंजिनाच्या बाजूला बाहेर, लोडरचं ऑइल गिअरबॉक्सचंच आहे की वेगळी टाकी आहे, कंट्रोल व्हॉल्व्ह कोणत्या जागी जोडलाय, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. म्हणून मी उत्तर देतो त्यापेक्षा तुमच्या लक्षणांतून काय निघतं ते सांगतो.

आधी तक्रार नीट मांडू. तुम्ही लिहिलं ‘हायड्रोलिक कमजोर झालं’. हा एक शब्द झाला, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत. एक म्हणजे ऑइल गरम झालं की जोर जातो. दुसरा म्हणजे उभी बकेट बसते. आणि तिसरा आजार, म्हणजे बकेट हळू चालणं, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलंच नाही. जोर येतो प्रेशरमधून, वेग येतो दर मिनिटाला किती लिटर ऑइल पोहोचतं त्यातून. पंप फक्त ऑइल ढकलतो. त्यात प्रेशर भरतं ते समोरच्या वजनामुळे. वाटेत ऑइल कुठे निसटत असेल तर प्रेशर पूर्ण भरतच नाही.

आता बकेट बसण्याचं घ्या. कंट्रोलचा लिव्हर मधे आला की व्हॉल्व्हमधली दांडी, म्हणजे स्पूल, जॅककडे, म्हणजे आर्म उचलणाऱ्या सिलिंडरकडे, जाणारे दोन्ही रस्ते बंद करते. वजन त्या कोंडलेल्या ऑइलवर उभं राहतं. पंप त्या क्षणी या गोष्टीत कुठेच नाही, इंजीन तर बंदच आहे. म्हणजे पंप नवाकोरा घातला तरी बकेट पंधरा मिनिटांत बसेलच. पंप गेला म्हणणाऱ्या मिस्त्रीला एवढंच विचारा, की मग बकेट काऊन बसते? पंपही झिजला असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण किमान एक बिघाड पंपाच्या पलीकडे आहे, हे नक्की.

दुसरी खूण आहे रेसची. रिलीफ सैल असता तर रेस वाढवून विशेष फरक पडला नसता, कारण ठरलेल्या प्रेशरला तो उघडणारच, मग ऑइल दहा लिटर येवो की तीस. तुमच्याकडे रेस दिल्यावर बकेट वर सरकते. याचा अर्थ जास्त ऑइल आलं की गळती भरून काढून वर थोडं उरतं. म्हणजे आतल्या आत ऑइल निसटून राहिलं आहे. यात एक मेख आहे: रिलीफच्या सीटवर कचरा अडकून तो नीट बंद होत नसेल तर तोही गळतीसारखाच वागतो. म्हणून रिलीफ उघडून साफ करणं वेगळं आणि कसणं वेगळं.

गरम झाल्यावरच असं का होतं, तेही बघू. ऑइलच्या डब्यावर ६८ लिहिलेलं असतं तो आकडा ४० अंशांवरचा दाटपणा आहे. तेच ऑइल ७० अंशांवर गेलं की दाटपणा २० च्या आसपास येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. फट तीच, पण तिच्यातून जाणारं ऑइल तिप्पट. आणि झिजून फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट होते. सकाळी चालणारी मशीन दुपारी बसते ती यामुळे. नवी मशीनही दुपारी थोडी ढिली पडते, पण बकेट अर्ध्यावर अडत नाही.

आता एक प्रश्न तुम्हालाच. सकाळी शेणखत आणि दुपारी गाळ, असं तर नाही ना? ओला गाळ त्याच बकेटमध्ये वाळलेल्या खताच्या दुपटीहून जास्त भरतो. मागच्या उन्हाळ्यात एकानं मला पंचवीस किलोमीटर बोलावलं आणि मशीनमध्ये काहीच नव्हतं, बकेट चिकण गाळानं शिगोशीग भरलेली होती. पेट्रोलचे पैसे मी घेतले, बाकी चहावर सोडलं.

माल तोच असेल तर फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करा. बकेट जमिनीवर, मागची लिफ्ट खाली, ट्रॅक्टर सपाटीवर, अशा स्थितीत ऑइलची पातळी बघा. आर्म वर असताना पातळी बघितली तर कमीच दिसणार, मग लोक वरून ओततात आणि पुढे ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडातून, ऑइल बाहेर येतं. थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. दुधाळपणा खालून वर निवळत गेला तर ती हवा होती. तसाच राहिला तर पाणी आहे. हवा असेल तर पंपाच्या सक्शनचे, म्हणजे ऑइल ओढून घेणाऱ्या पाईपाचे, जोड तपासा. पंप बाहेर असेल तर इंजीन चालू ठेवून एकेका जोडाला ग्रीस फासत जा. ज्या जोडावर ग्रीस लावताच पंपाचा आवाज बदलेल, तिथून हवा ओढली जाते.

मग ऑइल गाळायची जाळी काढा. ती कधी साफ केली ते आठवत नसेल तर तेच उत्तर आहे. जाळीत काळा गाळ निघाला तर धुवून बसवा. पण पिवळी किंवा पांढरी चकाकणारी बारीक भुकटी निघाली, तर मात्र पंपाबद्दलचा संशय मी खरा धरतो.

इथे एक गोष्ट, जी मला मॅन्युअलमध्ये कधी सापडली नाही. तुमच्या ट्रॅक्टरला डम्पिंग ट्रॉली लागते का? आणि ती तुमचीच असते की शेजाऱ्याची? ट्रॉलीच्या जॅकमध्ये कित्येक लिटर ऑइल राहतं. ट्रॉली उलटून खाली आली की ते ऑइल तुमच्या गिअरबॉक्समध्ये परत येतं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं मागच्या वर्षी तीच ट्रॉली ओढली असेल, तर त्याचं ऑइल, त्याचं पाणी, त्याचा कचरा, सगळं आता तुमच्याकडे आहे. तिच्या पाईपाचा कपलर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचं तोंड, धुळीत लोळत असतो आणि तसाच टोचला जातो. आमच्या भागात कंट्रोल व्हॉल्व्हवर ओरखडे पडतात त्याचं मोठं कारण मला ही उसनी ट्रॉलीच वाटते. कपलरला टोपी नसेल तर निदान फडकं गुंडाळा. आणि ऑइल घालताना डब्यावरचा आकडाच नाही, तर तुमच्या ट्रॅक्टरला कोणत्या प्रकारचं सांगितलंय ते बघा. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील आणि गिअरबॉक्सचंच ऑइल लोडरला जात असेल, तर साधं ६८ हायड्रोलिक ऑइल ओतू नका. लोडर चालेल, पण ब्रेक बोंबलतील.

क्विक कपलरही एकदा सोडवून परत दाबून बसवा. अर्धवट बसलेला कपलर ऑइलचा गळा आवळतो. पण तो शक्यतो बकेट हळू करतो. तुमचं दुखणं तसं दिसत नाही, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू नका.

एवढं करूनही तसंच असेल तर ट्रॅक्टरच्या इतर अंगांना विचारा. दुपारी, बकेट उचलत नसताना, मागची लिफ्ट नांगर नेहमीसारखा उचलते का? बकेट आत वळवायचा जोर कमी झालाय की तो शाबूत आहे? मागची लिफ्ट त्याच पंपावर असेल आणि ती गरम ऑइलवरही तेज असेल, किंवा बकेट वळताना जोर तोच असेल आणि फक्त आर्म उचलताना दम जात असेल, तर पंप जवळजवळ सुटला. चोर कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या आर्मच्या दांडीत किंवा आर्मच्या जॅकमध्ये आहे. एक रुपया न लागता निम्मा तपास इथे होतो, तरी हे कोणी करत नाही.

आता गेज, म्हणजे प्रेशर दाखवणारं मीटर. पंपाच्या किमतीपुढे गेजची किंमत चिल्लर आहे. चारशे किलोपर्यंतचं (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) ग्लिसरीन भरलेलं घ्या आणि पंपाकडून कंट्रोल व्हॉल्व्हकडे येणाऱ्या पाईपात टी टाकून बसवा. बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवून पूर्ण आत वळवा आणि शेवटाला गेल्यावरही लिव्हर तीन-चार सेकंद दाबून धरा. जास्त नाही, रिलीफमधून जाणारं ऑइल फार लवकर तापतं. काटा कुठे थांबतो ते लिहा. हे चार वेळा करायचं: थंड ऑइलवर मंद रेसला, थंड ऑइलवर कामाच्या रेसला, आणि दीड तास काम झाल्यावर परत तसंच दोनदा. बऱ्याच ट्रॅक्टरांचा रिलीफ १५० ते २०० किलोच्या दरम्यान असतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा.

चारही आकडे कमी आणि जवळपास सारखे आले, समजा ९५ च्या आगेमागे, तर रिलीफ सैल आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. गावठी लोडरमध्ये आणखी एक शक्यता असते. ट्रॅक्टरचा स्वतःचा एक रिलीफ आणि लोडरच्या व्हॉल्व्हमधला दुसरा. दोन रिलीफ एकाच पाईपावर असले की कमी प्रेशरचा जो असेल तोच राज्य करतो. दुसरा कितीही कसा, काटा हलत नाही. पण अशा मशीनची तक्रार पहिल्या दिवसापासून असते. तुमची मशीन दोन सीझन चालली आहे.

थंड ऑइलवर दोन्ही आकडे बरे, गरम झाल्यावर मंद रेसला काटा कोसळतो आणि रेस दिल्यावर चढतो, असं आलं तर ती गळती. तुमच्याकडे असंच येईल असा माझा अंदाज आहे. मग गळती पंपात, व्हॉल्व्हमध्ये की जॅकमध्ये, ते एकेक अंग बंद करून शोधायचं. बकेट जमिनीवर टेकवा, इंजीन बंद करा, लिव्हर चारही बाजूंना हलवून अडकलेलं प्रेशर सोडा. आर्मच्या जॅककडे जाणारे दोन्ही पाईप कंट्रोल व्हॉल्व्हपाशी सोडवून व्हॉल्व्हच्या तोंडांवर स्टीलचे प्लग आवळा. आता गरम ऑइलवर लिव्हर उचलायच्या बाजूला दाबा. काटा पूर्ण चढला तर गळती जॅकच्या सीलमध्ये आहे. नाही चढला तर व्हॉल्व्ह, रिलीफ किंवा पंप. यात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: प्लग नेहमी रिलीफच्या पुढच्या बाजूला. पंप आणि रिलीफ यांच्या मधे रस्ता बंद केला तर ऑइलला जायला जागा नाही, पंपाची बॉडी तडकेल. रिलीफ कुठे आहे ते ओळखता येत नसेल तर ही चाचणी घरी करू नका.

जॅकवर संशय आला तर त्याच्या रॉडकडची पिन काढा, आर्म जमिनीवर असू द्या आणि जॅक मोकळ्यात पूर्ण लांब करा. रॉडसमोर कोणी उभं राहू नये. रॉडच्या बाजूचा पाईप सोडवून त्या पाईपाचं तोंड बंद करा आणि मागच्या बाजूनं प्रेशर द्या. उघड्या तोंडातून आधी थोडं ऑइल गळेल, ते सोडून द्या. नंतरही धार चालू राहिली तर पिस्टनचं सील गेलं. दोन जॅक आहेत, दोन्ही वेगवेगळे तपासा.

आता बकेट बसण्यावर परत येतो, कारण इथे जुने मिस्त्रीही चुकतात. बकेट बसली की लगेच ‘जॅकचं सील गेलं’ म्हणतात. मीही अनेक वर्षं तेच म्हणत होतो आणि सील किट विकत होतो. नीट विचार केला तर तसं होत नाही. पिस्टनचं सील पूर्ण गेलं तरी जॅकच्या दोन्ही बाजूंचे पाईप घट्ट बंद असतील, तर रॉड आत यायला जागा कुठे आहे? रॉड आत घुसतो तेव्हा आपल्या जाडीएवढी जागा मागतो, आणि जॅक तर ऑइलनं गच्च भरलेला. थोडी खचून बकेट तिथेच थांबते. ती जमिनीपर्यंत येते याचा अर्थ जॅकमधलं ऑइल बाहेर पडतंय. बाहेर ठिबकत नसेल तर ते कंट्रोल व्हॉल्व्हच्या दांडीजवळून टाकीत परत जातंय. तुमचा पहिला संशयित म्हणूनच कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. त्या दांडीवरून तसंच ऑइल दुपारी उचलतानाही निसटत असणार. दोन आजार, मूळ एकच, असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

खात्री करायची असेल तर जॅकच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या पाईपात, दोन्ही जॅकना फाटा फुटण्याआधी, प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह टाका. नळाचा पितळी कॉक नाही, बाप्पा, हायड्रोलिकचा, ज्यावर प्रेशरचा आकडा कोरलेला असतो. भरलेली बकेट हातभर वर नेऊन तो बंद करा. बकेट थांबली तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. तरीही बसत राहिली तर पिस्टनचं सीलही गेलेलं आहे. आधी लिव्हरची केबल मात्र बघा. ती ताणलेली असेल तर लिव्हर मधे दिसतो, पण आतली दांडी पूर्ण मधे आलेली नसते. दहा मिनिटांच्या सेटिंगनं बकेट बसायची थांबल्याचं मी बघितलंय. दांडीवर ओरखडे असतील तर सील किटचा उपयोग नाही. ती किट ऑइल बाहेर येऊ नये म्हणून असते. आतली फट धातूची धातूशी असते. व्हॉल्व्हचा तेवढा सेक्शन बदलावा लागतो, किंवा पूर्ण ब्लॉक.

रिलीफ कसण्याबद्दल एवढा तिटकारा का, तेही सांगून टाकतो. एका गिऱ्हाईकानं माझं न ऐकता दोन आटे कसले. दुपारी विशेष फरक पडला नाही. पडणारच नव्हता, गळतीमुळे प्रेशर रिलीफपर्यंत पोहोचतच नव्हतं. पण चौथ्या दिवशी सकाळी, ऑइल थंड आणि दाट असताना, पंपानं पूर्ण जोर लावला आणि थांबवणारा कोणी नव्हता. पाईप फुटला, आर्मच्या वेल्डला चीर गेली. माणूस दोन हात लांब होता म्हणून बचावला. शिवाय टू-व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल लोडरच्या ओझ्यानं आधीच बेजार असतो. मागे वजन न बांधता लोडर चालवणारे तर मला रोज दिसतात.

आणि मीही धुतल्या तांदळाचा नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका ट्रॅक्टरला मी नवा पंप घातला, तक्रार जशीच्या तशी. शेवटी निघालं काय, तर सक्शनचा रबरी पाईप. बाहेरून ठणठणीत, पण आतला थर सुटला होता आणि गरम झाला की आत चिकटून रस्ता बंद करत होता. जुना पंप परत बसवला, तो पुढे तीन वर्षं चालला. नव्याचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. त्या दिवसापासून गेज लावल्याशिवाय पंपाच्या बोल्टला पाना लावत नाही.

काम करताना दोन गोष्टी. उचललेल्या आर्मखाली शिरायचं असेल तर जॅकच्या रॉडवर लोखंडी अँगलचा टेकू बसवा. तुमची बकेट तर बसतेच आहे, तिच्यावर भरवसा कसा ठेवता? आणि पाईपाची बारीक गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. प्रेशरची धार कातडीतून आत जाते, वर फक्त सुईचा टिपका दिसतो, दुखतही नाही. तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरला प्रेशरचं ऑइल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. उद्या बघू म्हणणाऱ्याचं बोट कापावं लागू शकतं.

तुमचा क्रम माझ्या मते असा: लिव्हरची केबल आणि ऑइल-जाळी आज, दुपारी गरम ऑइलवर मागची लिफ्ट आणि बकेटचा जोर बघणं उद्या, मग गेज. रिलीफ उघडलात तर आधी स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा, साफ करा आणि तेवढ्याच आट्यांवर परत बसवा. गेजचे चार आकडे, जॅकच्या बोअरचं माप आणि जाळीत काय निघालं, एवढं कळवा. सोबत कंट्रोल व्हॉल्व्हचा फोटो टाका, चारही पाईप कुठून कुठे जातात ते दिसेल असा. आणि हो, ट्रॉली कोणाची आहे तेही लिहा.